मत गुप्त असते म्हणतात, मंग आमच्या वस्तीनं कोणाले देलं हे गावाले कसं समजते?

धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा):

राम राम मंडळी. आमच्याकडं ग्रामपंचायतीची निवडणूक लागून रायली. मी लोकसभेले अन विधानसभेले मत देलं हाये पण तवा एवढं टेन्शन नव्हतं, कारण तिकडचा माणूस काही रोज पारावर भेटत नाई. इथं दोन्ही पॅनलवाले सकाळ-संध्याकाळ भेटतात, दोघंही ओळखीचे, एक तं नात्यातला.

घरची गोष्ट अशी हाये की मागच्या पावसाळ्यात आजीले रात्री एकदम दम लागला, एका पॅनलच्या प्रमुखानं सोताची गाडी काढून यवतमाळले नेलं, रातभर दवाखान्यात बसला, डिझेलचा रुपया घेतला नाई. बाबानं त्याले शब्द देला की आमच्या घरचे सगळे मतं तुमचेच. मी त्या माणसाचे उपकार मानतो. पण त्याच्या पॅनलनं पाच वर्षांत आमच्या वस्तीकडं पायलं नाई, पांदण रस्ता तसाच हाये, पावसात पऱ्हाटीले खत द्यायचं तं पोतं डोक्यावर घेऊन वावरात जा लागते, पाण्याची टाकी बांधून उभी हाये अन आमच्या टोकाले नळाले थेंब येत नाई. यावेळी सरपंचपद महिलेले सुटलं. दोन्ही पॅनलनं घरच्याच बाया उभ्या केल्या, अन तिसरी एक बाई अपक्ष उभी रायते म्हणते. बचत गटाचं काम पायते, ग्रामसभेत उभं राहून हिशोब मागणारी ती एकटीच. मले तिले मत द्यायचं हाये.

अडचण अशी की आमची वस्ती म्हणजे वेगळा प्रभाग, मतदार दीडशेच्या आसपास, बूथ पण वेगळा. मागच्या वेळी मोजणी झाली त्याच संध्याकाळी पॅनलवाले येऊन म्हणाले की तुमच्या वस्तीतून आम्हाले एवढेच पडले, बाकीचे कुठं गेले ते समजते आम्हाले. त्यानंतर घरकुलाच्या यादीत आमच्याकडचे नावं मागं मागं गेले असं सगळे म्हणतात. यावेळी तं माझ्या काकूच्या हातात पाणी अन तुळशीचं पान देऊन शपथ घ्यायले लावली, ती अजून घाबरून हाये.

मले एवढंच सांगा की खरंच त्यायले समजते का. अन तुम्ही लोकं मत कशावरून ठरवता? अपक्षाले देलं तं मत वाया जाते का? मित्राले विचारलं तं म्हणे जिकडं सगळे तिकडं टाक अन मोकळा हो. मले तसं मोकळं होता येत नाई.


केंद्राध्यक्ष मास्तर (वाशीम):

भाऊ, तुझ्या प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि लोक ते एकत्र करतात म्हणून भीती वाढते. शाळेतून इलेक्शन ड्युटी लागते त्यामुळे मशीन जवळून पाहिली आहे, तेवढं सांगतो.

तू एकट्याने कोणाला मत दिलं हे कोणालाच समजत नाही. रजिस्टरमध्ये तुझा अनुक्रमांक आणि सही असते, पण त्याचा आणि तू दाबलेल्या बटनाचा संबंध मशीन कुठेच दाखवत नाही, मोजणीच्या वेळी कंट्रोल युनिटवर फक्त कोणाला एकूण किती एवढाच आकडा येतो. लोकसभा-विधानसभेला व्हीव्हीपॅटची चिठ्ठी 7 सेकंद दिसते आणि डब्यात पडते, तिच्यावर उमेदवाराचं नाव आणि चिन्ह असतं, मतदाराचं काही नसतं. तुमच्या ग्रामपंचायतीला ती चिठ्ठी पण नसते. पुठ्ठ्याच्या आडोशामागे तुझ्याशिवाय कोणी येऊ शकत नाही. आम्ही केंद्रावरचे लोकसुद्धा नाही. अंध किंवा अपंग मतदारासोबत एक सोबती चालतो, बाकी कोणाच्या सोबत कोणी आत गेलं तर केंद्राध्यक्षाने थांबवायचं असतं.

दुसरा भाग म्हणजे बूथचा आकडा. तो खरंच उघड होतो आणि यात पॅनलवाले खोटं बोलत नाहीत. मोजणी बूथप्रमाणे होते, विधानसभेचा तर फॉर्म 20 म्हणून तक्ता निघतो, कोणत्या केंद्रावर कोणाला किती, सगळं त्यात असतं, कोणीही पाहू शकतो. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका ड्रममध्ये एकत्र मिसळून मग मोजता यायच्या, त्यामुळे एका गावाने काय केलं ते कळत नव्हतं. ईव्हीएम आल्यावर ते मिसळणं गेलं. यावर उपाय म्हणून टोटलायझर नावाचं यंत्र निवडणूक आयोगाने 2008 मध्ये सुचवलं होतं, म्हणजे बऱ्याच बूथची मशीन जोडून एकच बेरीज काढायची. विधी आयोगाने 2015 च्या 255 व्या अहवालात त्याला होकार दिला. केंद्र सरकारने मान्य केलं नाही, त्यांचं म्हणणं असं की बूथवार आकडे दिसले तर उमेदवाराला कळतं कुठे काम कमी पडलं. माझं मत विचारशील तर दीडशे मतदारांच्या वस्तीसाठी हा युक्तिवाद फार महागात पडतो. शहरात हजार-बाराशेच्या बूथवर कोणी कोणावर बोट ठेवू शकत नाही, पोडावर, तांड्यावर, तुझ्यासारख्या वस्तीवर आकडा म्हणजे सगळ्या वस्तीचं नाव. ग्रामपंचायतीत तर प्रभागाचे सदस्य त्या प्रभागातूनच निवडायचे असतात, तिथे आकडा लपवायचा कसा हा प्रश्न कोणी सोडवलेला नाही.

आता घराघरावरचा अंदाज कसा बांधतात ते सांगतो. प्रत्येक पॅनलकडे मतदार यादीची झेरॉक्स असते. संध्याकाळी चारपाच जण बसतात आणि एकेका नावापुढे पेनाने खूण करतात, आपला, तिकडचा, काठावरचा. खूण कशावरून होते? सोयरिक कुठे आहे, मजुरीला कोणाच्या वावरात जातो, कोणाकडून उसने घेतले, मोटारसायकलवर कोणाचा स्टिकर आहे, कोणाच्या सभेला चहा प्यायला. मतदानाच्या दिवशी एजंट त्याच यादीत टिकमार्क करतो कोण आलं कोण नाही. मोजणी झाली की बेरीज जुळवून पाहतात आणि जिथे जुळत नाही तिथे काठावरच्यांवर संशय घेतात. तो संशय आहे, त्यांच्याकडे माहिती काहीच नसते. समजते आम्हाले असं म्हणणं हे पुढच्या वेळेसाठी घाबरवणं असतं.

काकूंना सांग, देवाची भीती घालून मत मागणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 171 मध्ये देवाचा कोप होईल असं मतदाराच्या मनात भरवणं हे गैरवाजवी दडपण म्हणून लिहिलेलं आहे. तशी शपथ घ्यायला लावणाऱ्याने चूक केली, काकूंनी काही केलेलं नाही.


सेलूवाली (वर्धा जिल्हा):

मास्तरांनी कायद्याचं सांगितलं ते बरोबर आहे, पण काकूला कलम सांगून भीती जाणार नाही हो. मी बचत गटात आहे, आमच्याकडे पण असं होते, तांदूळ हातात देतात, मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावतात. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या मायनं सगळ्या बायांना बसवून सांगितलं की देवाला मधात ओढलं त्यांनी, देव त्यांना विचारीन, तुम्हाला कशाला विचारते. त्या दिवशी बायका मोकळेपणानं बोलल्या. तर तुझ्या काकूला असंच कोणी घरातलं मोठं माणूस सांगून पाहा.

दुसरी गोष्ट, बाबांनी घरच्या सगळ्या मतांचा शब्द दिला. सगळ्यांचा कसा दिला? तुझ्या आईला विचारलं का कोणी? मला याचा फार राग येतो. पॅनलवाले पण पुरुषाशीच बोलतात, घरात किती मतं आहेत एवढंच विचारतात, नावं पण विचारत नाहीत. महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा 2011 पासून बायांना राखीव आहेत, तरी मत मागताना ओसरीवर बाप्याशीच बोलणं होते आणि निवडून आल्यावर खुर्चीवर नवरा बसते. तुमच्याकडे अपक्ष उभी राहणारी बाई स्वतः ग्रामसभेत बोलते म्हणता, हे लहान नाही. जी बाई आता हिशोब मागते ती सरपंच झाल्यावर चेकवर सही करायच्या आधी वाचून तरी पाहीन.

साडी, पैसे, भांडे याबद्दल पण बोलते कारण कोणीतरी काढणारच. मतदानाच्या आदल्या रात्री पाकीट येते हे सगळ्यांना माहीत आहे. घेणारे सगळे त्यालाच देतात असं मुळीच नाही, दोघांकडून घेऊन तिसऱ्याला देणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. पण मी सांगते घेऊच नका, ज्यानं वाटले तो वसूल करायला बसते आणि मग रस्त्याची खडी अर्धीच पडते.


सोयाबीन कास्तकार (बुलढाणा जिल्हा):

सेलूवाली ताई, घेऊ नका म्हणणं सोपं हाये. ज्याच्या घरी आठवडाभर मजुरी नाई त्यानं पाकीट परत करावं अन ज्याचा पोरगा त्याच माणसाच्या ट्रॅक्टरवर हाये त्यानं? मी घेणाऱ्याले नाव ठेवत नाई, वाटणाऱ्याले धरा. कायदा मात्र दोघायलेही धरते, कलम 170 मध्ये देणं अन घेणं दोन्ही लाच हाये, हे पण लोकायले माहीत पायजे.

मत कशावरून ठरवता असं विचारलं त्यावर लिहितो. मले वाटते एकच माणूस तीन निवडणुकीत तीन वेगळे हिशोब लावते. 2024 मधीच पाहा ना. एप्रिल-मे-जूनमध्ये लोकसभा झाली, विदर्भातल्या 10 पैकी 7 जागा महाविकास आघाडीले गेल्या. नोव्हेंबरात विधानसभा झाली अन 62 पैकी बहुतेक जागा महायुतीच्या आल्या. मतदार तेच, गावं तेच. लोकसभेले आमच्याकडं कापूस-सोयाबीनचा भाव अन संविधानाचा विषय घराघरात होता. विधानसभेच्या वेळी सोयाबीनचा हमीभाव 4892 होता अन बाजारात व्यापारी त्याच्या बरंच खाली मागत होते, मी तं त्या रागातच बूथवर गेलो. पण ऑगस्टपासून लाडकी बहीणचे महिन्याचे 1500 बायकोच्या खात्यात येऊन रायले होते, तिच्या सोताच्या नावावर सरकारचा पैसा पहिल्यांदा आला. त्या पैशातून तिनं पोरीच्या शाळेचं भागवलं. ती म्हणाली तुमचा राग तुमच्यापाशी, मी माझं पायतो. एकाच गाडीवर गेलो अन दोन वेगळे बटन दाबून आलो. आता मले सांगा आमच्यापैकी चुकीचं कोण? दोघंही हिशोबच करत होतो, तिनं हातात आलेल्याचा केला अन मी हातातून गेलेल्याचा.

शहरातले लोकं लिहितात खेड्यातला माणूस जातीवर मत देते. जात पायल्या जाते, नाई म्हणत नाई मी. पण जात काहून पायतात ते पण विचारा. रात्री दोन वाजता फोन केला तं कोण उचलीन, पटवाऱ्याकडं सोबत कोण येईन, पीक विम्याचा अर्ज अडकला तं कोणाचा शब्द चालते, हे माणूस पायते अन बहुतेक वेळा तो आपल्यातलाच निघते. जिथं तहसीलचं काम सरळ अर्ज देऊन होते तिथं ह्या ओळखीची गरज कमी पडते. तुझ्या बाबाचं पण तेच हाये. आजीले नेलं तो माणूस पुन्हा लागीन ही भीती हाये, अन ती खरी हाये कारण गावात रात्री दुसरी गाडी मिळत नाई. १०८ ची ॲम्ब्युलन्स वेळेवर पोचली असती तं बाबानं मतं बांधून देले असते का, याचा विचार कर.


शांतताप्रिय (अमरावती जिल्हा):

माझं ऐका, निवडणूकच नको. आमच्या गावात मोठे लोक बसले आणि बिनविरोध केली, भांडण नाही, खर्च नाही, दोन भाऊ एकमेकांशी बोलणं सोडत नाहीत. सरपंच ठरवून टाकायचा आणि देवळाला काही रक्कम घ्यायची. लहान गावाला हेच बरं.


जंगलकाठ (गडचिरोली):

शांतताप्रिय भाऊ, हे शेवटचं वाक्य नीट वाचा. देवळाला रक्कम घेऊन सरपंच ठरवणं म्हणजे लिलाव. 2021 च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी या दोन गावांची निवडणूक राज्य निवडणूक आयोगानं याच कारणावरून रद्द केली होती, पदांची बोली लागल्याचं समोर आलं म्हणून. पैसा देवळाला गेला की गावाला, त्यानं फरक पडत नाही. ज्याच्यापाशी पैसा नाही तो उभाच राहू शकला नाही.

एकमताला माझा विरोध नाही बरं का, उलट आम्ही एकमताच्या मुलखातले. धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे, 2009 साली सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. तिथं ग्रामसभेत मतदान करून निर्णय घेत नाहीत, सर्वसहमतीनं घेतात. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार ही घोषणा तिथलीच. पण ती सहमती कशी होते ते पाहा. एक जण जरी नाही म्हणाला तरी विषय पुढं ढकलतात, पुन्हा बसतात, बायाही बसतात, महिनोन्महिने चर्चा चालते. मोठे लोक बसले आणि ठरवलं, बाकीच्यांना संध्याकाळी सांगितलं, त्याला तिथं कोणी सहमती म्हणणार नाही. तुमच्या गावात किती बाया बसल्या होत्या त्या बैठकीत? मजूर किती होते?

भांडणाची गोष्ट मात्र खरी आहे, मला पण त्याचं वाईट वाटतं. पाच वर्षांतून एकदा गाव फाटतं आणि शिवायला पाच वर्षं लागतात.


धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा):

सगळ्यायचे आभार. सेलूवाली ताई, आईले विचारलं. ती म्हणे मले कोणी विचारलंच नाई तं मी कायले सांगू. मंग हळूच म्हणे नळाचं जो बोलीन त्याले.

बाबाशी बोलायची हिंमत होऊन नाई रायली. अन मत वाया जाते का याचं कोणी सांगतलं नाई. दोस्त म्हणून रायले की अपक्ष बाई नुसते मतं खाईन, निवडून एका पॅनलचीच येईन.


केंद्राध्यक्ष मास्तर (वाशीम):

ते राहिलंच. आपल्याकडे ज्याला सगळ्यात जास्त तो निवडून, निम्म्याच्या वर मतं लागतात असा नियम नाही. तिघांत 100 मतं असली तर 36, 33, 31 अशी पडून 36 वाला येऊ शकतो आणि 64 लोकांना तो नको असू शकतो. त्यामुळे लोक मनातल्या उमेदवाराला सोडून, नको असलेल्याला पाडू शकणाऱ्याला देतात. त्यात चुकीचं काही नाही, तो पण विचार करून दिलेला कौल आहे. पण हा हिशोब लोकसभेला लावायचा आणि ग्रामपंचायतीला लावायचा यात जमीनअस्मानाचा फरक आहे. तुमच्याकडे सरपंच थेट निवडायचा आहे, गावात मतदार हजार-बाराशे असतील. तिथे वीस-पंचवीस घरांनी ठरवलं तर तिसरा उमेदवार पहिला होतो. बरोबरीची मतं पडली तर चिठ्ठी टाकून निकाल काढावा लागतो, इतकं जवळ येतं हे. विधानसभेला सुद्धा 2024 मध्ये भंडारा जिल्ह्यात साकोलीचा निकाल 208 मतांनी लागला, मुंबई उत्तर पश्चिमची लोकसभा तर 48 मतांनी. बाई निवडून येतील की नाही हे तुझे दोस्त आधीच ठरवून बसले आहेत, आणि सगळे तसंच ठरवतात म्हणून त्या मागे पडतात.

आणि एक लक्षात घे, तुझ्याकडे एकच मत नाही. सरपंचाचं एक आणि तुझ्या प्रभागात जेवढ्या जागा तेवढी सदस्यांची, प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा असतो, प्रत्येकासाठी वेगळं बटन दाबावं लागतं. सगळी बटनं दाबून झाल्यावरच शेवटची लांब बीप वाजते. घाईत लोक एकच दाबून बाहेर पडतात, मग आम्हाला पुन्हा आत पाठवावं लागतं. म्हणजे सदस्याचं मत बाबांच्या माणसाच्या पॅनलला आणि सरपंचाचं अपक्ष बाईंना असं करता येतं. 2017 ला थेट सरपंच आला, 2020 ला बंद केला, 2022 ला पुन्हा आणला, तेव्हापासून अशी विभागून मतं देणारे पुष्कळ आहेत. त्याचा तोटा पण सांगतो, सरपंच एकीकडचा आणि मेंबर दुसरीकडचे आले की मासिक सभेत ठराव अडतात, बाईंना पाच वर्षं झगडावं लागेल.


सोयाबीन कास्तकार (बुलढाणा जिल्हा):

मास्तर, सदस्य पॅनलचे अन सरपंच अपक्ष हा सल्ला मले पटला नाई. बाईले एकटं पाडून कायचा रस्ता होईन? तिले म्हणा प्रभागातले दोन-तीन लोकं सोबत उभे कर.

अन भाऊ, बाबाले विरोध करायले जाऊ नको, बाबासोबत बसून त्या पॅनलवाल्याकडंच जा. त्याले सरळ विचार की आजीसाठी तुम्ही आले, जन्मभर विसरणार नाई, तुमच्या घरी लग्नकार्य असलं तं आम्ही राबू, पण आमच्या टोकाले पाणी कवा देता अन पांदण रस्ता कोणत्या योजनेत टाकता ते चार लोकांत सांगा. उपकाराची फेड माणसानं माणसाले करावी, त्यात सगळ्या वस्तीचा नळ कायले घालायचा? माझ्या वडिलायच्या वेळी अशीच अडचण आली तवा त्यायनं हेच केलं होतं, समोरचा माणूस नाराज झाला पण बोलणं तुटलं नाई.


सेलूवाली (वर्धा जिल्हा):

कास्तकार दादा, हे मात्र तुम्ही लाख बोलले.

मी एक अजून सांगते. घरकुलाची यादी मागं गेली म्हणतो ना, ती यादी ग्रामसभेपुढं वाचावी लागते. वर्षातून कमीत कमी चार ग्रामसभा आणि त्याच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यावी लागते. तिथं वस्तीतल्या दहा बाया जाऊन बसल्या आणि नाव का खाली गेलं ते विचारलं तर ते वहीत लिहून घ्यावं लागते. 15 व्या वित्त आयोगाचा पैसा कुठं गेला ते ई-ग्रामस्वराज ॲपवर गावाचं नाव टाकून दिसते, तुझ्या मोबाईलवर काढ आणि आईला वाचून दाखव. आमच्याकडे एका नालीचा खर्च दिसला आणि नाली अर्धीच होती, तेव्हापासून बाया मत मागायला येणाऱ्याला आधी नालीकडे घेऊन जातात आणि तिथंच उभं राहून बोलायला लावतात. ज्याला उत्तर देता येते त्याच्याशी पुढं बोलतात.


धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा):

ॲपवर काढलं. आमच्या पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीच्या नावावर खर्च दिसून रायला. आईनं दोनदा वाचायले लावलं अन मंग शेजारच्या काकूले बोलावलं. तुळशीची शपथ घेतली तीच काकू. आता त्या दोघी अजून बायायले गोळा करून रायल्या.

शेवटचं एक विचारतो. अपक्ष बाईले आमच्या बूथवर बसायले पोलिंग एजंट भेटत नाई, कोणी तयार नाई. मी बसू शकतो का? काय करा लागते?


केंद्राध्यक्ष मास्तर (वाशीम):

बसू शकतोस, त्याच केंद्राच्या यादीत तुझं नाव आहे म्हणजे अडचण नाही. उमेदवाराने सही केलेला नेमणुकीचा फॉर्म आणि तुझं ओळखपत्र घेऊन मतदान सुरू व्हायच्या बरंच आधी पोच, कारण सकाळी मॉक पोल होतो, एजंटांसमोर सगळ्या उमेदवारांना थोडी थोडी मतं टाकून बेरीज दाखवतात आणि मग मशीन शून्यावर आणतात. ते शून्य तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. सीलचे नंबर कागदावर उतरवून घे. तुझ्यापाशी मतदार यादी ठेव, वारलेले आणि लग्न होऊन गेलेले आधीच खूण करून ठेव, त्यांच्या नावावर कोणी आलं तर तिथेच आक्षेप घ्यायचा, नंतर बोलून उपयोग नसतो. कोणी बाई आत असताना सोबत पुरुष शिरायला लागला तर केंद्राध्यक्षाला मोठ्या आवाजात सांग, तो ऐकेल. संध्याकाळी मतदान संपलं की एकूण किती मतं झाली त्याचा हिशोब सहीनिशी मागून घे आणि मोजणीच्या दिवशी तोच आकडा मशीनवर येतो का ते जुळवून पाहा.

फक्त एक समजून घे. मत गुप्त राहतं, पण एजंट म्हणून टेबलाशी बसलास की तुझी बाजू उघड झाली, आणि बाबांनी शब्द दिलेला आहे. म्हणून फॉर्मवर सही घ्यायच्या आधी बाबांशी बोल. आईला सोबत घे.


धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा):

आज रात्री बोलतो. आई म्हणे सुरुवात मी करते.